निपाणीचे बिल

सांगलीच्या हळदीच्या पेढीवर माझी चाळीस वर्षे गेली. विक्रीकर, सी फॉर्म, परराज्यातील व्यापार यांचा मला पुरेपूर परिचय. पण आयकर केंद्राचा, राज्य कोणतेही असो तो एकच, अशी समजूत. गेल्या वर्षी मुलाकडे अमेरिकेत गेलो तेव्हा ती मोडली. तो राहतो न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीत. नोकरी हडसन नदीपलीकडे, न्यूयॉर्कमध्ये. तेथे केंद्राच्या आयकराखेरीज ही दोन्ही राज्ये आपापला आयकर घेतात.

१५ एप्रिलची मुदत जवळ आली होती. कागद पसरून त्याने मला व्यवस्था समजावली. जेथे कमावले त्या न्यूयॉर्कचा हक्क आधी. राहत्या घराचे राज्य, म्हणजे न्यू जर्सी, सगळ्याच उत्पन्नावर कर आकारते. मात्र न्यूयॉर्कला भरलेला कर आपल्या करातून एका मर्यादेपर्यंत वळता करून देते. म्हणून न्यूयॉर्कचे विवरणपत्र आधी पुरे करावे लागते. (शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी न्यू जर्सीचा करार आहे, तेथे पगारावर राहत्या राज्याचाच कर. न्यूयॉर्कशी तसा करार नाही.)

आठवड्यातून दोन दिवस तो घरूनच काम करी. ते दिवस न्यू जर्सीचे दाखव, तिथला दर कमी, चार पैसे हाती उरतील, असे एका मित्राने सुचवले होते. न्यूयॉर्कचा नियम निराळा. कचेरी न्यूयॉर्कमध्ये असताना कर्मचारी स्वतःच्या सोयीसाठी घरी बसला, तर तो दिवस न्यूयॉर्कचाच धरतात.

"मालकाने घरी बस म्हटले होते का?" मी विचारले.

"नाही, अण्णा. मीच मागून घेतले."

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांतला 'विरुद्धराज्यातिक्रम' हा शब्द माझ्या ओठांवर आला. पाठशाळेत तोही शिकला होता. पण मला बोलवेना. तीस वर्षांपूर्वी सांगलीतच विकलेल्या मालाचे बिल मी निपाणीच्या एका पेढीच्या नावे केले होते. सी फॉर्मवर कर कमी लागे. त्या मालाने कर्नाटकाची हद्द कधी पाहिलीच नाही.

त्याने ते दिवस न्यूयॉर्कच्या रकान्यात परत नेले. परताव्याचा आकडा उतरला. मग सहज म्हणाला, "तुमच्या वेळी दोन राज्यांचा हिशेब कसा ठेवायचा, अण्णा?"

मी चष्मा काढून ठेवला आणि निपाणीच्या त्या बिलापासून सुरुवात केली.