कालपरवापर्यंत मस्त चालत होता

यवतमाळात माझ्या दुकानाच्या काउंटरवर लॅपटॉप ठेवताना माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "भाऊ, लय हँग मारून राह्यला हा. कालपरवापर्यंत मस्त चालत होता." दुसरंही ठरलेलं. "फॉरमॅट मारून द्या ना." काही जण त्याआधी "पुरी शकुंतला झाली याची" असंही म्हणतात. मूर्तिजापूरला जाणारी ती नॅरोगेज गाडी बंद पडून वर्षं लोटली, तरी संथपणाचं माप म्हणून आमच्याकडे ती अजून धावते आहे.

फॉरमॅटचं मी ऐकून घेतो आणि सोडून देतो. मला हवं असतं ते पहिल्या वाक्याचं शेपूट. कालपरवापर्यंत. पाच वर्षांत हळूहळू मंदावलेल्या लॅपटॉपची गोष्ट वेगळी. प्रोग्राम जड होत गेले, चार जीबी रॅम अपुरी पडू लागली, त्यात नवल काही नाही. पण मंगळवारी पळणारं यंत्र गुरुवारी रांगू लागलं, तर मधल्या बुधवारी काहीतरी घडलेलं असतं. "त्या दिवशी काय झालं होतं?" असं मी विचारतो. उत्तर येतं, "काहीच नाही जी." मग मी चहा सांगतो. चहा अर्ध्यावर आला की "पोरानं गादीवर ठेवून सिनेमा पाह्यला होता" किंवा "लाइन दोनदा गेली-आली" असं काहीतरी निघतंच.

बुधवार मी उगाच म्हटलं नाही. विंडोज बनवणारी कंपनी दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सुधारणा सोडते. अमेरिकेतली ती मंगळवारची सकाळ आपल्याकडे रात्र असते, म्हणून इथली यंत्रं बुधवारी ते ओझं उचलू लागतात. मागच्या बाजूला डाउनलोड, जुळणी, तपासणी चालू असते आणि पुढे बसलेला माणूस माउस आपटत असतो. त्या आठवड्यातल्या निम्म्या गिऱ्हाइकांना मी पैसे न घेता परत पाठवतो. रात्रभर चार्जरला लावून चालू ठेवा, सकाळी रीस्टार्ट करा.

रीस्टार्ट म्हटलं की लोक दुखावतात. "मी रोज बंद करतो, दादा!" खरं बोलतात ते. पण २०१२ च्या विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. सकाळी लवकर उठता यावं म्हणून यंत्र आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवतं आणि तीच परत उचलतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसरच्या पानावर 'अप टाइम' असतो. रोज यंत्र बंद करणाऱ्या एका मास्तरांना मी तिथे ४१ दिवस दाखवले, तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. खरी झोप फक्त 'रीस्टार्ट'मध्ये मिळते.

त्याच खिडकीत माझी निम्मी तपासणी उरकते. प्रोसेसर, मेमरी, डिस्क असे रकाने असतात. कोणता शंभराला टेकलाय ते पाहायचं. मेमरी भरली असेल तर कोण बसलंय ते दिसतं. बहुतेक वेळा ब्राउझरच्या तीस-चाळीस टॅब असतात, किंवा एकाच घरात दोन अँटिव्हायरस, एकमेकांवर पाळत ठेवणारे. 'स्पीड वाढवा' म्हणणारे फुकटचे प्रोग्राम मी दिसताक्षणी काढतो. मला आजवर त्यांतल्या एकानंही वेग वाढवलेला दिसला नाही.

डिस्क शंभर टक्के दिसली आणि आत जुनी फिरती हार्डडिस्क असली, तर मात्र मी हात आखडतो. ही तबकडी मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एखादी जागा खराब झाली की डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचू पाहते. नव्वद फेरे, पुन्हा नव्वद फेरे. तोवर अख्खं विंडोज दारात ताटकळतं आणि आपण म्हणतो, हँग झाला. डिस्क स्वतःच्या दुखण्याची नोंद ठेवते. ती वाचणारे क्रिस्टलडिस्कइन्फोसारखे फुकटचे प्रोग्राम आहेत. तिथे निळ्याऐवजी पिवळं दिसलं की पहिलं काम डेटा दुसरीकडे काढणं. नंतर नवी एसएसडी.

हे मला धंद्याच्या पहिल्या वर्षी माहीत नव्हतं. एका ताईंचा लॅपटॉप आला, "लय सुस्त झाला," म्हणाल्या. मी सवयीनं फॉरमॅट मारला. फक्त डेस्कटॉपवरच्या फाइली तेवढ्या आधी काढून ठेवल्या होत्या. आठ दिवस लॅपटॉप छान चालला, कारण नवं विंडोज योगायोगानं डिस्कच्या धड भागावर बसलं होतं. नवव्या दिवशी डिस्क गेली. लेकीच्या बारशाचे फोटो दुसऱ्या एका फोल्डरमध्ये होते. त्यांनी मला एक शब्दही ऐकवला नाही, त्यामुळे ते अजून लागतं. त्या दिवसापासून डिस्कची नोंद वाचल्याशिवाय मी फॉरमॅटचं बटण दाबत नाही.

आता खास आमच्या जिल्ह्याचं दुखणं. दसरा-दिवाळीला कापूस वेचणीला येतो आणि वणीपासून पांढरकवडा, घाटंजीपर्यंत जिनिंग सुरू होतात. रुई आणि सरकी वेगळी करणाऱ्या त्या कारखान्यांत हवेतच कापूस असतो. भुवयांवर, वहीवर, चहात. वजनकाट्याच्या खोलीत लॅपटॉप दिवसभर चालू आणि त्याचा पंखा ती हवा ओढून तांब्या-ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमधून फेकतो. पात्यांमधली फट जेमतेम मिलिमीटरभर. तंतू तिथे अडकतात, त्यांवर धूळ बसते आणि महिन्या-दोन महिन्यांत नमद्यासारखा गच्च थर तयार होतो. पंखा फिरतो, आवाज करतो, हवा मात्र बाहेर पडत नाही.

प्रोसेसर साधारण १०० अंशांपर्यंत सोसतो. त्यापुढे जळून जाऊ नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. पात्यांनी उष्णता बाहेर टाकायची ती खोलीतल्याच हवेत. खोली २५ अंशांवर असेल तर हाताशी ७५ अंशांची सवड असते. मे महिन्यात यवतमाळात पारा ४५ ला टेकतो, तेव्हा ती सवड ५५ वर येते. म्हणजे हिवाळ्यात निभावून गेलेला कचरा उन्हाळ्याच्या पहिल्या खऱ्या दुपारी आडवा येतो. म्हणून गिऱ्हाईक 'अचानक' म्हणतं, आणि त्याच्या बाजूनं ते खोटंही नसतं.

त्यावर लोक करतात काय, तर लॅपटॉप कुलरसमोर ठेवतात. विदर्भातल्या माणसाला कुलरपासून तोडणं माझ्या हातात नाही, पण ती हवा दमट असते. आधीच अडकलेल्या तंतूंना ती ओलावा देते आणि नमदा आणखी घट्ट बसतो. कुलरसमोर ठेवायचाच असेल तर झोतात नको, बाजूला ठेवा. गादी आणि उशी तर नकोच, खालच्या जाळ्या बुजतात. आणि पंखा व्हॅक्यूमनं किंवा जोरदार ब्लोअरनं भिरभिर फिरवू नका. मागचं झाकण काढून, पातं बोटानं धरून, ब्रशनं थर उचलावा लागतो. तो सबंध पट्टीसारखा निघतो. एका जिनिंगच्या मुनीमजींना मी तसा पट्टा दाखवला तर म्हणाले, "ठेवा बापू, दिवाळीच्या वाती होतीन." जुनी वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. संध्याकाळी त्यांचा लॅपटॉप पुन्हा काट्यावर गेला. आता ते दर पोळ्यानंतर, सीझन सुरू व्हायच्या आधी, स्वतःहून आणून देतात.

सर्वांत जास्त डोकं खाल्लं ते मात्र एका सेवा केंद्राच्या लॅपटॉपनं. पीक विम्याचे दिवस, केंद्रासमोर शेतकऱ्यांची रांग, आणि लॅपटॉपवर एक अक्षर उमटायला दोन सेकंद. चालक आधी म्हणत होता सर्व्हर डाउन आहे. पण नोटपॅडही तसंच रखडत होतं, आणि नोटपॅडला सर्व्हर लागत नाही. डिस्कचा रकाना रिकामा, मेमरी निम्मी मोकळी, प्रोसेसर हाताला गार. आत कचरा नाही. माझ्या आधी कुणीतरी एकदा फॉरमॅटही मारला होता. शेवटी टास्क मॅनेजरच्या प्रोसेसरच्या पानावर खाली 'स्पीड'कडे नजर गेली. ०.३९ गिगाहर्ट्झ. २.४ चा प्रोसेसर सहाव्या हिश्श्यानं चालत होता आणि हूं की चूं करत नव्हता.

"चार्जर कवापासूनचा?" मी विचारलं.

"हाच तर आहे. वायर उंदरानं कुरतडली होती, मंग जोडून घेतली."

काही कंपन्यांच्या चार्जरच्या टोकात मधोमध एक बारीक पिन असते. वीज नेणं तिचं काम नाही. चार्जर आपलाच आहे आणि किती वॅटचा आहे, एवढं ती यंत्राला कळवते. तिची केसासारखी तार जोडताना सुटली होती. ओळख पटत नाही म्हटल्यावर यंत्र बॅटरी भरणं थांबवतं आणि प्रोसेसरला तळाच्या वेगावर बांधून ठेवतं, न जाणो हा चार्जर ताण सोसेल की नाही. मी चार्जर उपटला. बॅटरीवर आकडा सरसर चढत २.४ च्या पुढे गेला.

चालक स्क्रीनकडे पाहत राहिला. "एवढंच?"

माझ्याकडे मेळाचा चार्जर पडलेला होता, तो रांग सरेपर्यंत दिला. पैसे किती हे त्यानं विचारलं तेव्हा मी अडखळलो. प्लग उपटायचे किती घ्यायचे, याचा दर माझ्या भिंतीवरच्या पाटीवर नाही. मी शंभर म्हणालो. त्यानं पन्नास काढले, रांगेकडे पाहिलं, आणि उरलेल्या पन्नासांच्या बदल्यात मला माझा सातबारा काढून दिला.