करारातलं शुल्क आणि बंदरावरचं शुल्क

‘आसियान करारानं सोयाबीन मारलं’ असं मी लातूरकडच्या सभांमधून वर्षानुवर्षं सांगितलं, लेखांतूनही लिहिलं. ते अर्धवट होतं. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, ते भलत्याच दाराशी न्याय मागत राहिले, याची खंत मोठी आहे.

भारत आणि आसियान देशांमधला हा मुक्त व्यापार करार १ जानेवारी २०१० रोजी लागू झाला. त्यातून स्वस्त पामतेल आत येतं आणि सोयाबीनचा भाव पाडतं, असं माझं म्हणणं होतं. मी त्याच्याविषयीच्या बातम्याच वाचल्या होत्या. शुल्काचा तक्ता फार उशिरा उघडला. कच्च्या पामतेलावरचं कमाल शुल्क ८० टक्क्यांवरून ३७.५ टक्क्यांवर आणायचं होतं, तेही २०१९ अखेरपर्यंत, टप्प्याटप्प्यानं. मग करार लागू झाला तेव्हा बंदरावर प्रत्यक्ष किती शुल्क होतं? शून्य. महागाईच्या धास्तीनं दिल्लीनंच ते २००८ साली काढून टाकलं होतं. पामतेल विकणाऱ्या इंडोनेशिया किंवा मलेशियानं तशी सक्ती केली नव्हती.

मेक्सिकोतही असंच घडलं. १९९४ च्या ‘नाफ्टा’ या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारात मक्याला पंधरा वर्षांची मुदत होती, कोट्यापलीकडच्या आयातीवर जबर शुल्क लावता येत होतं. सरकारनं ते अनेक वर्षं वसूलच केलं नाही. अमेरिकेतला अनुदानित मका आत आला आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती कागदावरची मुदत तेवढी उरली.

शुल्क वाढलं की भाव वाढेल, हेही मी छातीठोकपणे सांगत असे. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलांवरचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. तरी त्या हंगामात मोंढ्यात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकलं गेलं. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम १८ टक्के. बाकीची बहुतेक पेंड, आणि पेंडीचे भाव जगात पडलेले होते. आडत्यांना हे ठाऊक होतं. मी त्यांना विचारायला हवं होतं. पुढे मे २०२५ मध्ये ते शुल्क १० टक्क्यांवर उतरवलं गेलं.

करार निर्दोष आहे, असं मी आजही म्हणणार नाही. आसियान देशांच्या कच्च्या पामतेलावर ३७.५ टक्क्यांपलीकडे जाण्याची मोकळीक आपण गमावली, हे नुकसान खरंच आहे. पण जेवढी मोकळीक हाती आहे, तीही आपलंच सरकार वापरत नाही.

म्हणून शेतकरी संघटनांना माझी विनंती आहे: नवा करार झाला की त्याचा तक्ता मागा, आणि दर हंगामाआधी आपल्या खासदाराला विचारा, बंदरावर आज प्रत्यक्ष शुल्क किती आहे?