स्टंपवरचा रुपया

बँकेच्या सेवेत माझी काही वर्षे दौंड तालुक्यातील राहू येथे गेली. सभोवार ऊस, गुऱ्हाळे आणि पीककर्जाचे कागद. सायंकाळी रोकड जुळली की दिवस सार्थकी लागला, अशी तेव्हा माझी समजूत होती.

रमाकांत आचरेकर सरही बँकेचेच नोकर, स्टेट बँकेचे. प्रथम श्रेणीचा एकच सामना त्यांच्या वाट्याला आला, तोही बँकेच्या संघाकडून, हैदराबादच्या मोईनुद्दौला स्पर्धेत. मात्र शिवाजी पार्कवर त्यांनी कित्येक पिढ्या घडविल्या. चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, विनोद कांबळी, सचिन तेंडुलकर हे त्यांचेच विद्यार्थी. सचिनला स्कूटरवर बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत. तो दमला की स्टंपवर एक रुपयाचे नाणे ठेवीत. बाद करील त्याचे नाणे, कोणालाच जमले नाही तर सचिनचे. अशी 13 नाणी सचिनने जपली आहेत. आपण व्यापारी माणसे. पण एका रुपयावर एवढे व्याज मिळालेले मी तरी कोणत्या खात्यात पाहिले नाही! 1990 साली सरांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. शिष्याला तोंडावर शाबासकी मात्र ते सहसा देत नसत.

राहूला असताना एकदा रोकडीत एका रुपयाचा फरक आला. त्याच दुपारी शाळेच्या मैदानावर चिरंजीवांचा सामना होता. ‘पप्पा, नक्की या’ असे तो सकाळी दोनदा बजावून गेला होता. फरक रात्री साडेआठला सापडला. घरी पोहोचलो तेव्हा तो बॅट उशाशी घेऊन झोपला होता. किती धावा केल्या, हे मी दुसऱ्या दिवशीही विचारले नाही.