पहिलवानाच्या वहाणा

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची जी पट्टी चढवलेली असते तिला 'धाव' म्हणतात, हे मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी मुले हसतात. धाव म्हणजे पळणे, एवढेच त्यांना ठाऊक. बिचाऱ्यांनी लोहाराचा जाळ पाहिलेला नसतो. माझ्या आजोळी धाव बसवायची म्हणजे एक सोहळाच असे. गोवऱ्यांच्या आरात पट्टी लाल होईपर्यंत तापवायची, चिमट्यांनी धरून ती चाकावर ठोकायची आणि वरून घागरीने पाणी ओतायचे. वाफेचा लोट उठे आणि आक्रसलेले लोखंड लाकडाला अशी मिठी मारी की पुढे कित्येक वर्षे सुटायचे नाव नको.

मोटारीच्या टायरला धाव म्हणावे काय, असा प्रश्न एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो. पुढच्या टायरला म्हण, मागच्याला म्हणू नकोस, असे उत्तर मी यंदापासून देऊ लागले आहे. हा भेद मला माझ्या पुतण्याने शिकवला, आणि तोही अमेरिकेत.

माझा दादा गेली पंचवीस-तीस वर्षे डेट्रॉइटजवळ राहतो. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी त्याच्याकडे गेले होते. त्याचे चिरंजीव आता सव्वीस वर्षांचे आहेत. नोकरी आहे, लग्नाचा विषय काढू देत नाहीत, आणि जे काही साठले ते सारे एका १९६८ सालच्या पाँटिॲक जीटीओ नावाच्या गाडीत घातले आहे. ही गाडी त्याच्यापेक्षा वयाने कितीतरी मोठी, माझ्याहूनही मोठी. ती बनवणारी पाँटिॲक ही मोटारशाखा २०१० साली कायमची बंद झाली. वहिनी तिला 'थोरली सून' म्हणतात आणि तिच्यात बसत नाहीत.

असल्या गाड्यांना तिकडे 'मसल कार' म्हणतात. मध्यम आकाराची, साध्या कुटुंबाची गाडी घ्यायची आणि तिच्यात थोरल्या गाडीचे इंजिन बसवायचे, अशी ही युक्ती. १९६४ साली जीटीओ निघाली आणि या प्रकाराला जोर आला. मी आपली तिला पहिलवान गाडी म्हणू लागले. डेट्रॉइटहून पाँटिॲक गावापर्यंत वुडवर्ड ॲव्हेन्यू नावाचा लांबलचक रस्ता जातो. साठच्या दशकात तिथली तरुण मंडळी रात्री या रस्त्यावर एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत सरळ रेषेत शर्यती लावीत. १९९५ सालापासून दर ऑगस्टमध्ये त्याच रस्त्यावर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. गंमत अशी, की १९०९ साली याच रस्त्याचा एक मैल काँक्रीटचा केला गेला आणि तसा तो अमेरिकेतला पहिला म्हणतात. चाकाखाली काय आहे याची काळजी त्या गावाला फार जुनी!

आता मूळ मुद्दा. पुतण्याच्या गाडीचे इंजिन ४०० घन इंचांचे, म्हणजे साडेसहा लिटरचे. कारखान्याच्या त्या वेळच्या हिशोबाने त्याची ताकद ३५० घोड्यांची. शिवाय पहिला गिअर आणि मागच्या आसातली दातेरी चक्रे मिळून इंजिनाचा पीळ आठेक पटीने वाढवून चाकापर्यंत पोचवतात. एवढे सगळे घोडे जमिनीला टेकतात कुठे? गाडीचे वजन सोळाशे किलोच्या आसपास. इंजिन पुढे असल्यामुळे मागच्या दोन चाकांवर त्यातला निम्म्याहून कमी भार. टायरमध्ये नेहमीची बत्तीस पौंड हवा असली, तर एकेक मागचे चाक साधारण पंचवीस चौरस इंच जमिनीला शिवते. मी माझा पंजा डांबरावर टेकवून पाहिला. एवढेच. साडेतीनशे घोडे दोन पंजांवर उभे.

म्हणून दिवा हिरवा झाला, पायाने जोर दिला, की गाडी जागच्या जागी किंचाळते, मागून निळा-पांढरा धूर निघतो आणि शेजारची एखादी लहानखुरी गाडी शांतपणे निघून जाते. मला तो धूर पराक्रमाचा वाटला. पुतण्या म्हणाला, "आत्या, धूर म्हणजे वाया गेलेला जोर. टायर गरगरला की त्याची पकड कमीच होते."

इथे मला बैल आठवला. बैलगाडीचे चाक बिचारे नुसते मागे मागे फिरते. ओढतो तो बैल, आणि त्याला बळ मिळते खुरांतून. चिखलात गाडी रुतली की गाडीवान चाकाकडे नंतर पाहतो. बैलांचे पाय रोवतात की घसरतात हे आधी पाहतो. या मोटारीची पुढची चाके बैलगाडीच्या चाकांसारखी, फक्त फिरणारी. मागची चाके मात्र चाक आणि बैल दोन्ही आहेत. तेव्हा मागचा टायर ही धाव नव्हे, ते खूर आहे. तालमीतल्या लाल मातीत तेल, ताक आणि हळद कालवतात ती काय उगीच? तोच पहिलवान फरशीवर सांडलेल्या तेलात उभा करा, आणि मग त्याच्या दंडातल्या बेडकुळ्या मोजत बसा.

तर चिरंजीवांना मागच्या चाकांसाठी नवी जोडी घ्यायची होती, आणि मी तिथे होते तोवर घरात दुसरा विषय नव्हता. लग्नाचा शालू घेताना लागत नाही इतका वेळ या खरेदीला लागला.

पहिला पर्याय, सध्या होते तसेच साधे रेडियल टायर, पांढऱ्या अक्षरांचे, दिसायला देखणे. अमेरिकेत टायरच्या कडेवर झिजेचा एक अंक छापावा लागतो. या टायरवर ४०० होता. अंक मोठा म्हणजे रबर कडक आणि आयुष्य लांब. पण कडक रबर रस्त्याला बिलगत नाही. शाळेत आपण शिकतो की घर्षण हे भारावर अवलंबून असते, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. १६९९ साली आमाँताँ या फ्रेंच गृहस्थाने तसे मांडले. रबराने मात्र हा पाठ वाचलेला दिसत नाही. ते रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरते, चिकटते, आणि दर चौरस इंचावरचा दाब कमी झाला की भाराच्या मानाने जास्त पकडते. त्यामुळे टायर मऊ हवा आणि रुंद हवा. मऊ रबराला रुंदी आणखी एका कारणाने लागते: अरुंद असेल तर ते तापून चुरा होऊन जाईल.

त्याच कडेवर 'ट्रॅक्शन' म्हणून ए, बी अशी एक श्रेणीही असते. मी म्हटले, झाले की काम, पकडीचेच अक्षर आहे. तर ते अक्षर ओल्या रस्त्यावर सरळ ब्रेक लावण्याच्या कसोटीवर मिळते. कोरड्या रस्त्यावर सुटताना टायर कसा रोवेल, याबद्दल ते अवाक्षर बोलत नाही. नाव एक आणि अर्थ दुसरा, हे पाहून भाषेच्या माणसाला जरा बरेच वाटते.

दुसरे टोक म्हणजे 'स्लिक'. खाचा नाहीत, नक्षी नाही. गुळगुळीत, मऊ, सुरकुतणाऱ्या पोटऱ्यांचा टायर. सुटण्याच्या क्षणी चाक पुढे पिळले जाते आणि या पोटऱ्या दुमडून झटका पोटात घेतात. पण त्याला सार्वजनिक रस्त्यावर परवानगी नाही. गाडी शर्यतीच्या मैदानापर्यंत दुसऱ्या गाडीवर लादून न्यायची. दादा म्हणाला, "जिला न्यायला दुसरी गाडी लागते, ती गाडी कसली?" तो प्रश्न तिथेच मिटला.

मधला मार्ग 'ड्रॅग रेडियल'. रबर मऊ, खाचा बेताच्या, पण रस्त्यावर चालवायला कायद्याची मुभा. त्यातही दोन प्रकार दुकानदाराने काढून ठेवले होते. एक २७५ मिलिमीटर रुंद, मध्ये नावापुरत्या दोन खाचा. दुसरा २५५ रुंद, खाचा त्याहून बऱ्याच. दोन्ही पंधरा इंची रिमचे. तिथे मी गणित करून दाखवले: रुंदीच्या साठ टक्के उंची, ती दुप्पट, अधिक रिम, पहिला टायर बरोबर अठ्ठावीस इंच उंच भरतो, दुसरा सत्तावीस. तो एक इंचही फुकट नसतो. चाक उंच झाले की एका फेऱ्यात अंतर जास्त कापते, पण सुटतानाचा जोर तेवढाच उणा होतो. पुतण्याने आडवे पडून चाकाच्या घरट्यात टेप घातली, आतून मोजले, बाहेरून मोजले. २७५ बसला असता. मागे दोन माणसे बसवली की पत्र्याला घासण्याची भीती होती.

दादाने दरम्यान एक स्वस्त जोडी शोधून आणली. कुणाची तरी जुनी, पण नक्षी नव्यासारखी. अमेरिकेत तीस वर्षे काढली तरी अर्ध्या किमतीत मिळालेल्या वस्तूचा आपल्या माणसाला होणारा आनंद काही कमी होत नाही. पुतण्याने कडेवरचे चार आकडे पाहिले. त्यातले पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर नऊ वर्षांचा निघाला. मग त्याने, आपण भेंडी कोवळी आहे का हे पाहतो तसे, रबरात नख रोवून पाहिले. नख रुतेना. "बाबा, हे मऊ रबर वयाने कडक होतं. नक्षी शाबूत आहे, जीव गेलाय." दादा काही बोलला नाही. टायर मात्र परत नेऊन दिले.

उरले ते दोन. चिरंजीवांचा जीव २७५ वर जडला होता, आणि सरळ रेषेपुरते पाहिले तर त्याचे बरोबरच होते. पोळ्या लाटता लाटता वहिनींनी विचारले, "आणि पाऊस आला तर?"

"हवामान पाहूनच निघेन गं."

"मिशिगनमध्ये जन्मलास, आणि हवामान पाहून निघणार?"

यावर तीन दिवस घरात शांतता होती. रुंद टायर आणि उथळ खाचा म्हणजे पाणी बाजूला सारायला वाटच नाही. वेग वाढला की चाक पाण्यावर तरंगते, आणि तरंगणाऱ्या चाकाला सुकाणूही नसते आणि ब्रेकही नसतो. मऊ रबर थंडीत टणक होते हा आणखी एक दोष. हे सारे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यानेच मला समजावले होते. पण सव्वीसाव्या वर्षी सेकंदाच्या दोन दशांशांना जी किंमत असते, ती पुढे कोणत्याच वर्षी राहत नाही. चौथ्या दिवशी तो २५५ ची जोडी घेऊन आला. कारण विचारले, तर म्हणाला, "पत्र्याला घासलं नसतं ना." वहिनींनी त्या रात्री शिरा केला, आणि त्याचेही कारण सांगितले नाही.

त्या शुक्रवारी संध्याकाळी तो मला मैदानावर घेऊन गेला. पाव मैलाचा, १३२० फुटांचा सरळ पट्टा. सुरुवातीला दिव्यांचा खांब असतो, त्याला १९६३ पासून 'ख्रिसमस ट्री' म्हणतात. मला कठड्यामागच्या बाकावर बसवून त्याने टायरमधली हवा वीस पौंडांवर आणली, म्हणजे रबर पसरून जमिनीला जास्त बिलगते. मग ओल्या पट्टीवर चाके थोडी गरगरवून त्याने रबर तापवले. पिवळे दिवे, हिरवा, आणि गाडी गेली. किंचाळी नाही, धूर नाही. नाक किंचित वर उचलले, मागचा भाग बसला, आणि ती एखाद्या बैलजोडीसारखी खांदा देऊन निघाली. मला वाटले, काहीतरी बिघडले, इतका शांतपणा! पहिल्या साठ फुटांचा वेळ तिथे वेगळा मोजतात. जुन्या टायरांवर त्याला २.४ सेकंद लागत होते, आता २.० लागले, आणि सबंध पाव मैल १४.९ वरून १४.२ वर आला. इंजिनाला कुणी बोटही लावले नव्हते. तो कागदाची पट्टी घेऊन माझ्याकडे धावत आला, तेव्हा शाळेतल्या प्रगतिपुस्तकाची आठवण झाली.

निघताना त्याने हवा पुन्हा बत्तीसवर भरली. हे तो विसरेल म्हणून मी डोळ्यांत तेल घालून पाहत होते. तो विसरला नाही.

दहा-बारा मैलांवर पश्चिमेकडून आभाळ आले आणि तिकडचा तो वादळी पाऊस कोसळला. आपला मृगाचा पाऊस वर्दी देऊन येतो. हा एकदम अंगावर येतो. चिरंजीव उजव्या बाजूला झाले, वेग चाळिसावर आणला. शेजारून मालमोटारी पाणी उडवीत जात होत्या. गाडीचा मागचा भाग एकदा हलकेच सरकल्यासारखा झाला. त्याने सुकाणू धरून ठेवले, पाय अलगद उचलला, आणि चाके पुन्हा रस्त्याला लागली. दोघेही काही बोललो नाही. पुढच्या वळणावर पेट्रोलपंप दिसताच त्याने गाडी छपराखाली घेतली आणि इंजिन बंद केले.

वहिनींचा फोन आलाच.

"कुठे आहात?"

"पंपावर. थांबलोय."

पलीकडे जरा वेळ आवाज नव्हता. मग वहिनी म्हणाल्या, "आत्याला भूक लागली असेल. मागच्या सीटवर डबा आहे, तिखटमिठाच्या पुऱ्या आहेत."

तो खाली उतरला. मागच्या चाकाशी उकिडवा बसून त्याने खाचांतून बोट फिरवले, पाणी निथळतेय का ते पाहिले, हात पँटला पुसले आणि डबा घेऊन आत आला. छपरावर पाऊस ताशासारखा वाजत होता. पुऱ्या संपल्या तरी तो थांबला नव्हता.