चारा, भूल, रद्दी

१.
१८३२. मोकाट कुत्री मारायचा हुकूम मुंबईत निघाला. मारणाऱ्याला बक्षीस. पारशी चिडले, बाजार बंद पडला, दंगल झाली. दोन वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ उभा केला. आज तिथे मुख्यतः गायी. दारात चाऱ्याच्या जुड्या मिळतात.

२.
प्राण्यांना क्रूरपणे वागवल्यास पहिल्या गुन्ह्याला दंड : दहा ते पन्नास रुपये. कायदा १९६० चा, रक्कमही जुनीच.

३.
गोशाळेतल्या देशी गायीसाठी महाराष्ट्र सरकारचं अनुदान, २०२४ चा निर्णय : रोज पन्नास रुपये.

४.
राज्यात म्हातारा बैल २०१५ पासून कत्तलीसाठी विकता येत नाही. कडब्याचे भाव चढले की शेतकऱ्याला तो पोसवतही नाही. मग गोशाळा. तिथे देणगी सणावारी येते. बैल रोज खातो. चारा द्यायचाच असेल तर मे महिन्यात द्यावा.

५.
निर्बीजीकरण म्हणजे कुत्रा पकडा, भूल द्या, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस टोचा, ओळखीसाठी कानाला खाच पाडा, आणि जिथून उचलला त्याच गल्लीत सोडा. भटक्या कुत्र्यांसाठी याहून उपयोगी काम मला माहीत नाही. एका ओळखीच्या बाईंना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, “पण यात पिल्लू कुठाय?”

६.
रोज बिस्किटं घालणारे आमच्या गल्लीत सातजण आहेत. कुत्र्याला गाडीत घालून दवाखान्यात नेणारा एक. तो रिक्षा चालवतो.

७.
जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. त्या भागात ऊसतोडीच्या वेळी फडात बछडे सापडतात. शक्यतो ते तिथेच खोक्यात ठेवायचे आणि माणसांनी लांब व्हायचं. रात्री आई येऊन घेऊन जाते. अशा वेळी सेल्फीसाठी न जाणं हीसुद्धा मदत. पावती मिळत नाही.

८.
वेळास, रत्नागिरी जिल्हा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने कासवांची अंडी राखली. पिल्लं समुद्रात जाताना बघायला लोक येतात आणि गावातल्याच घरांत उतरतात. जेवणाचे पैसे द्यावेत, घासाघीस करू नये.

९.
संक्रांत. गच्चीवर तिळगूळ, समोरच्या झाडात मांज्याला लटकलेली घार. अग्निशमन दल : १०१.

१०.
देणगीवरची आयकर सवलत : दोन हजारांवर रोख दिलेत तर नाही. वस्तू दिल्यात तरी नाही. ट्रकभर कडबा गायीला दिसतो, आयकर खात्याला दिसत नाही.

११.
पैसे देण्याआधी मी तीन गोष्टी विचारतो. डॉक्टर पूर्णवेळ आहे का? गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया किती झाल्या? प्राणी किती मेले? तिसऱ्या प्रश्नाला एका ठिकाणी चहा आला, दुसरीकडे वही आली. चेक वहीवाल्यांना दिला.

१२.
वाढदिवसाला पिल्लू भेट देऊ नका. म्हातारा कुत्रा कुणी नेत नाही, तो बघा.

१३.
जुनी वर्तमानपत्रं, चादरी, गोणपाट रद्दीवाल्याला घालू नका. प्राण्यांच्या निवाऱ्यात पिंजऱ्याखाली रोज अंथरायला लागतात. फोन करून विचारा, नेऊन द्या. मासिकं मात्र नकोत. गुळगुळीत कागद ओल शोषत नाही.