वांझ, बांझ आणि नवऱ्याची तपासणी

मराठीत वांझ, उर्दूत बांझ. मी दोन्ही भाषा शिकवतो, पण पुरुषासाठी बोलण्यात असा शब्द कुठलीच भाषा वापरत नाही. 'नपुंसक' म्हणावं तर अर्थ भलताच होतो. पुरुष सर्व बाबतींत समर्थ असूनही त्याच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही, असं होऊ शकतं. अरबीतला 'अकीम' मात्र दोघांनाही लागतो.

आमच्या मोहल्ल्यातल्या एका भाभींच्या लग्नाला नऊ वर्षं झाली. मन्नत, तावीज, तीन डॉक्टर सगळं झालं. नवऱ्याची वीर्यतपासणी एकदाही नाही. "आमच्या खानदानात असलं काही नाही," असं सासूबाई म्हणतात.

शुक्राणू घडायला माणसात साधारण ७० ते ७५ दिवस लागतात. टप्प्याटप्प्याला काही जनुकं चालू होतात, काही बंद. जीवनसत्त्व 'अ'पासून बनणारं रेटिनॉइक आम्ल 'स्ट्रा-८' हे जनुक जागं करतं, तेव्हा कुठे गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन सुरू होतं. (म्हणून गाजराचा हलवा हे औषध नव्हे. आपल्याकडे तेही सुचवतील!)

शेवटचा टप्पा मला सर्वांत नवलाचा वाटतो. प्रोटामिन नावाची प्रथिनं डीएनए इतका घट्ट आवळतात की त्यातली जनुकं वाचताच येत नाहीत. म्हणून प्रोटामिन बनवण्याचा निरोप पेशी आधीच लिहून ठेवते आणि काही दिवस दाबून ठेवते. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांत हा निरोप वेळेआधी वाचला जाईल असा बदल केला. डीएनए अवेळी आवळला गेला आणि शुक्राणूंची वाढ अर्ध्यावर थांबली. प्रथिन तेच होतं, वेळ तेवढी चुकली.

वाय गुणसूत्राचा तुकडा गळाला तर शुक्राणू बनत नाहीत, याचा सुगावा १९७६ मध्ये लागला. दाढी, आवाज, ताकद सगळं जागच्या जागी. आणि खानदानाचं म्हणाल, तर हा तुकडा बहुतेकदा त्या एकाच पुरुषात नव्याने गळालेला असतो. बापाकडे तो शाबूत असतो, म्हणून तर हा जन्मला.

बाईच्या नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढतात, दुर्बीण घालतात. पुरुषाला दोन-तीन दिवस संयम पाळून एक डबी भरून द्यायची असते. सुईसुद्धा नाही. अहवाल बिघडलेला आला, तर तीनेक महिन्यांनी पुन्हा करावी. कारण मधल्या काळात मोठा ताप येऊन गेला असेल, तरी त्या खेपेचे शुक्राणू कमी भरतात.