गाडी तीनवर चालते

‘आपल्या मालकीच्या वाहनातून होणाऱ्या तेलगळतीमुळे संस्थेच्या पार्किंगची शोभा जात आहे...’ अशी सुरुवात असलेलं सेक्रेटरींचं पत्र हातात पडलं, तेव्हा मला पहिला प्रश्न पडला तो शोभेचा. आमच्या पार्किंगमध्ये दोन मोडक्या सायकली, एक तीन पायांची खाट आणि कुणाचंतरी मागच्या गणपतीचं मखर एवढी शोभा आधीपासून आहे. पण पत्र खोटं नव्हतं. आमच्या गाडीखाली एक काळा डाग पडला होता आणि तो रोज थोडा थोडा सरकत सेक्रेटरींच्या स्कूटरकडे निघाला होता.

वाहन म्हणजे आमची प्रीमियर पद्मिनी. १९८७ साली अण्णांनी नंबर लावून घेतलेली. मी तेव्हा तिसरीत होतो. क्रीम रंग, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, १०८९ सीसीचं इंजिन. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली, तेव्हा अण्णांनी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं आणि म्हणाले, "टॅक्सीला वीस वर्षांची अट. नोकरदार माणूस, त्याला रिटायर व्हावंच लागतं. आपली खाजगी आहे."

तेल गळणं निदान मुकं असतं. पण त्याच सुमाराला गाडीने मिसिंग मारायला सुरुवात केली. ज्यांनी जुनी गाडी पाळलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चार सिलिंडरपैकी एक पेटत नाही आणि उरलेले तीन त्याचं ओझं वाहतात, याला मिसिंग म्हणतात. चार काउंटरच्या शाखेत एकाने न सांगता रजा टाकली की काय होतं? काम थांबत नाही, पण सगळी शाखा थरथरते. तसंच. मी गाडी सुरू केली की दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून अण्णांचा आवाज यायचा, "तीनवर चालतेय रे!" वय वर्षं एक्क्याऐंशी, पण कान असे की खालच्या घरात कुकरची कितवी शिट्टी झाली ते सांगतील.

मग मेकॅनिक झाले. पहिल्याने पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर बदलला. गाडी दोन दिवस सुतासारखी सरळ चालली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लंगडली. दुसऱ्याने चारही प्लग नवे टाकले आणि वरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. चार दिवस! तिसरा मात्र फार अनुभवी होता. त्याने बॉनेट उघडलं, सुस्कारा सोडला आणि मला बाजूला घेतलं. गंभीर रोग्याच्या नातेवाइकांना डॉक्टर घेतात तसं. "हेड खोलावं लागेल साहेब. रिंगा गेल्यात, तेल वर येतंय. पैसे घालण्यात अर्थ नाही. भंगारात द्या."

तो हळू बोलला होता. पण अण्णा गाडीतच डावीकडे बसले होते, काच वर करून, आणि त्यांच्या कानांबद्दल मी आत्ताच सांगितलं. त्या रात्री ते अर्धी भाकरी कमी जेवले. हात धुताना म्हणाले, "दे काढून. लोकांच्या जागेत डाग पडतो."

हे ऐकल्यावर सौ.ने माझ्याकडे असं पाहिलं की, जणू मीच थेंब थेंब गळत होतो.

म्हणून त्या रविवारी मी स्वतः इंजिनात हात घातला. कॉमर्सच्या पदवीधराला यंत्राबद्दल एकच गोष्ट शिकवलेली असते, ती म्हणजे घसारा. घटत्या शिलकीच्या पद्धतीने घसारा काढला तर वस्तूची किंमत कितीही वर्षं गेली तरी शून्य होत नाही. अण्णांचंही गाडीबद्दल तेच मत. एवढ्या भांडवलावर मी सुरुवात केली.

गळती शोधायची जुनी युक्ती अशी की, इंजिन रॉकेलने स्वच्छ पुसायचं, कोरडं करायचं, त्यावर टाल्कम पावडर मारायची आणि गाडी थोडा वेळ चालवायची. तेल जिथून निघतं तिथून पावडरीवर ओघळ उमटतो. मी सौ.चा डबा अर्धा रिकामा केला. (हे तिला हा लेख छापून आल्यावर कळेल.) इंजिनाला मोगऱ्याचा वास सुटला आणि ओघळ उमटले. पण एका जागी नाही. टॅपेट कव्हरमधून, पुढच्या ऑइल सीलमधून, खाली चेंबरच्या पॅकिंगमधून, सगळीकडून! मी बुचकळ्यात पडलो. एक पॅकिंग कुजतं हे समजू शकतं. सगळी पॅकिंगं एकाच महिन्यात राजीनामा कशी देतील? बँकेत सगळ्या काउंटरवर एकाच दिवशी आरडाओरडा झाला, तर दोष काउंटरांचा नसतो. आतून कुणीतरी दाब आणलेला असतो.

मग मिसिंग. चालू गाडीत एकेका प्लगची वायर काढायची आणि कान द्यायचा. पहिली काढली, इंजिन बसलं. दुसरी काढली, बसलं. तिसरी काढली तर काहीच फरक नाही. म्हणजे रजेवर हाच. चौथी काढायची गरज नव्हती, पण ऑडिट पूर्ण करायची सवय. चौथीने मला असा झटका दिला की, माझ्या तोंडून निघालेला शब्द गॅलरीपर्यंत गेला. अण्णा वरून म्हणाले, "चौथा चांगलाय."

गाडी बंद करून तिसरा प्लग काढला. काळा आणि ओला. निरोगी प्लगचं टोक चहात बुडवलेल्या ग्लुकोज बिस्किटाच्या रंगाचं असतं. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, आणि ओलं काळं म्हणजे तेल. तेलात बुडालेल्या प्लगला ठिणगी पडणार कुठून? म्हणजे गळती आणि मिसिंग ही दोन दुखणी नव्हती. एकाच खात्याच्या या दोन नोंदी होत्या.

इथवर मी स्वतःवर खूष होतो. त्या भरात चारही वायरी दोन्ही टोकांनी काढल्या, पुसल्या आणि परत लावल्या. एक, दोन, तीन, चार. चावी फिरवली. फट्! सायलेन्सरमधून असा बार निघाला की, तिसऱ्या मजल्यावरचं कुत्रं खाटेखाली गेलं. गॅलरीतून या वेळी काहीच आवाज आला नाही. ते जास्त लागलं.

डॅशबोर्डच्या कप्प्यात अण्णांची वही असते. पेट्रोल, तेल, हवा, सगळं १९८७ पासून तारीखवार. तिच्या पहिल्या पानावर मोत्यासारख्या अक्षरात १३४२ असं लिहिलंय. लहानपणापासून मी तो पोस्टातल्या खात्याचा नंबर समजत होतो. आता बघताना मला आमचे जुने हेडक्लार्क आठवले. मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत संगणक येऊन बसले होते, पण हेडक्लार्कांचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. ते म्हणायचे, "फरक आला की आधी नवाने भागून बघ. भाग गेला तर बहुतेक आकड्यांची अदलाबदल आहे." १३४२ वजा १२३४ म्हणजे १०८. नव बारे एकशेआठ! आकडे तेच, जागा चुकल्या. या इंजिनात पहिल्यानंतर तिसरा पेटतो, मग चौथा, आणि दुसरा शेवटी.

वायरी लावायला उठणार, तेवढ्यात सवयीने वहीची पुढची पानं चाळली. कारकुनाला जमा-खर्च दिसला की तो वाचल्याशिवाय राहत नाही. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ‘रविवार, तेल पाव लिटर.’ त्याखाली ‘रविवार, तेल पाव लिटर.’ असे आठ रविवार. दोन लिटर! आणि त्या आठ आठवड्यांत गाडी धावली होती साठ किलोमीटर.

मी तेलाची पट्टी ओढली. इतक्या दिवसांत तीन मेकॅनिकांपैकी एकानेही ती ओढली नव्हती आणि मीही नाही. गळतंय म्हणजे कमीच असणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं. नवं, मधासारखं स्वच्छ, उजेडात तिरकं धरल्याशिवाय पट्टीवर दिसूच नये असं. जादा तेल क्रँकने घुसळलं जात होतं, आतला दाब वाढत होता, आणि वाट मिळेल तिथून ते बाहेर पडत होतं. थोडं रिंगांवरून वर जाऊन प्लग भिजवत होतं.

पुन्हा वही बघितली. या वेळी आकडे नाही, अक्षर. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर सह्या करायला येणारे पेन्शनर मी बघतो. नजर जायला लागली की सही आधी मोठी होते, मग रेघ सोडते. पहिल्या पानावरचे मोती आठव्या रविवारी बोरांएवढे झाले होते आणि शेवटचा ‘लिटर’ समासात गेला होता. अण्णा दर रविवारी सकाळी मला उठवायच्या आत खाली येत होते, पट्टी ओढत होते, पट्टीवर काही दिसत नव्हतं, आणि गाडी उपाशी राहू नये म्हणून तेल घालत होते.

चेंबरचा बोल्ट उघडून सगळं तेल सोडलं आणि खुणेइतकं मोजून परत भरलं. प्लग पेट्रोलने धुतला, वायरी १३४२. चावी फिरवल्यावर थोडा निळा धूर, थोडा खोकला, आणि मग ती शिवणयंत्रासारखी लागली.

"चारवर आली!" गॅलरीतून आवाज आला. "काय होतं रे?"

"प्लग, अण्णा."

"तेल बघितलंस ना? मी घालतो म्हणून टिकलीय."

"हो," मी म्हणालो. "अण्णा, मला हल्ली बारीक दिसत नाही. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ. सोबतीला चला."

ते आले. माझ्या चष्म्याचा नंबर पावने वाढला आणि त्यांचा मोतीबिंदू पिकलेला निघाला. ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी सुटल्यावर ते पहिल्यांदा खाली आले. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "रंग कधी उडाला हिचा?" मग डावीकडचं दार उघडून बसले आणि वही काढली. मी बॉनेटआड उभा राहून उगाचच वायरी पुसत राहिलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी हाक मारली. आठ रविवारांना त्यांनी एक महिरप घातली होती आणि बाजूला पुन्हा त्याच मोत्यांत लिहिलं होतं, ‘नजरचुकीने.’ खाली लहान सही.

"तूही कर," पेन पुढे करत ते म्हणाले. "दुरुस्तीला दोन सह्या लागतात ना तुमच्यात?"

मी केली. गाडीखाली अजून आठवड्याला दोन-चार थेंब पडतात. तिथे मी त्या गणपतीच्या मखराचा पुठ्ठा घातलाय.